शेवंतीकाकीच्या भेंडीचं पाणी

मी हौद बोलतोय. देवळापुढचा नव्हे, बागेतल्या कारंज्याचा तर नव्हेच. कल्याणजवळच्या मोहने गावापुढे एक लोणच्याचा कारखाना आहे, त्याच्या मागच्या अंगाला मी बसलोय. कैऱ्या, लिंबं, मिरच्या धुतलेलं पाणी माझ्या पोटात येतं, काही दिवस निवळतं आणि मग पलीकडच्या शेतात जातं. माझ्याजवळ उभं राहून कुणी सेल्फी काढत नाही. मलाही त्याची हौस नाही.

जन्मलो तेव्हा मी नुसता खड्डा होतो. "पाणीच तर आहे, जाईल कुठंतरी," असं म्हणत मला खणलं. जवळचा वाफा सोयीचा, म्हणून रोज त्याच्यातच पाणी सोडायचं. तिथली माती बिचारी कुजली, घाण सुटली. समोरच्या नव्या टॉवरमधल्या लोकांनी खिडक्या लावून घेतल्या आणि तक्रारी केल्या. शिव्या मात्र मी खाल्ल्या. खड्ड्याला कोण विचारतं, बाबा, तुझं काय म्हणणं आहे?

मग हेमा मॅडम आल्या. सरकारी अधिकारी, पण चिखलात पाय घालणाऱ्या. त्यांच्यामुळे मला सिमेंटचं अंग मिळालं आणि काठाच्या दोन फूट खाली लाल पट्टा आला. पाणी त्या पट्ट्याच्या वर जायचं नाही. जमीन ओली असेल तर सोडायचं नाही, आणि रोज वेगळा वाफा. सोडण्याआधी पाण्याचा खारटपणा मीटरवर मोजायचा, आकडा दोनच्या आत हवा, आणि ज्याचं शेत त्याने तो पाहून वहीत सही करायची. कैरीला मीठ लावल्यावर सुटणारा खार तर माझ्यात येऊच द्यायचा नाही. त्याची पिंपं वेगळी, ती टँकरने जायची. "एवढ्या नियमांत लोणचं कधी घालायचं?" असं मालकीणबाई मंदाकिनीताई म्हणाल्या होत्या. मला मात्र तो लाल पट्टा मनापासून आवडला. इतकी वर्षं माझी कुणी मर्यादाच ठरवली नव्हती.

माझा कारभार तानाजीकडे. गुहागरकडचा गडी, कामाला वाघ आणि मनाने लोण्याचा गोळा. शेत शेवंतीकाकीचं. अर्धा एकर भेंडी, ती पहाटे तोडून स्वतः कल्याणच्या बाजारात घेऊन बसते. उन्हाळ्यात तिची विहीर तळ गाठते, तेव्हा तिचं पीक माझ्याच जिवावर उभं असतं.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. कैऱ्यांचा हंगाम, खाराची पिंपं काठोकाठ, आणि टँकरचा दोन दिवस पत्ता नाही. तानाजीच्या गावाकडे माडाच्या बुंध्यात मीठ घालतात, त्याने माड तरारतो म्हणे. त्याला वाटलं, मीठ म्हणजे खतच की! काकीच्या भेंडीचंही भलं होईल. आणि त्याने सहा पिंपं माझ्यात ओतली, अगदी प्रेमाने. माझ्या पोटात आग पडली. ओरडून सांगावंसं वाटलं, पण मला व्हॉल्व्ह दिलाय, तोंड दिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी बाजारातून परतल्यावर त्याने व्हॉल्व्हच्या चाकावर हात ठेवला.

"काकी, सही मार पटकन. आज स्पेशल पाणी आहे तुझ्यासाठी."

"आधी मीटर दाखव."

"अगं, रोजचंच तर आहे."

"रोजचंच हाय, तर दाखवायला तुझं काय जातंय?"

तानाजीने हसत मीटर बुडवला. आकडा आला नऊ. त्याने तो झटकून पुन्हा बुडवला. पुन्हा नऊ. त्याचा हात चाकावरून खाली आला आणि माझा अर्धा जीव भांड्यात पडला.

"काय घातलंस रे ह्याच्यात?"

माहीत नाही म्हणता आलं असतं त्याला. पण तो खोटं बोलला नाही. "खार ओतला, काकी. आमच्याकडे माडाला मीठ घालतात ना, म्हटलं..."

"मेल्या, माझी भेंडी हाय, माड नाय!" काकी मटकन माझ्या काठावर बसली. "समदी जळून गेली असती रे."

उरलेला अर्धा जीव अजून टांगणीला होता. पाणी लाल पट्ट्याला टेकलं होतं. आणखी येत राहिलं तर मी उतू जाणार, नाल्यात आणि नाल्यातून थेट उल्हास नदीत. तानाजीने मंदाकिनीताईंना फोन लावला. त्या घोडबंदर रोडला ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या. इकडे कैऱ्यांचा ढीग पडलेला, बायका विळ्यांवर बसलेल्या. भर हंगामात काम थांबवायला कोण तयार होईल, असंच मला वाटलं.

"कापणं थांबवा, धुणंही थांबवा," त्या म्हणाल्या. "कैऱ्या पिकल्या तर पिकू देत, आमरस करून खाऊ सगळे. आणि हेमा मॅडमना आपणच कळवा, लपवू नका."

ऐकून मला खरंच भरून आलं.

दोन दिवस टँकर आले आणि मला उपसून सारं पाणी प्रक्रिया केंद्रात घेऊन गेले. मग तानाजी स्वतः आत उतरला आणि त्याने मला तळापर्यंत घासून काढलं. तोवर काकीने विहिरीच्या तळचं पाणी शेंदून हंड्याहंड्याने भेंडी जगवली. त्या दिवसांत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.

आज मी पुन्हा भरतो, पुन्हा रिता होतो. अंग हलकं आहे, झोप चांगली लागते. माझं मागणं एवढंच, की माझ्यात काय टाकलंय ते विचारल्याशिवाय आणि मोजल्याशिवाय मला उघडू नका. चांगल्या मनाने ओतलेलं मीठही खारटच असतं.

त्या मे महिन्यात, मला घासून झाल्यावर काम पुन्हा सुरू झालं, मी भरलो आणि आकडा आला एक पूर्णांक दोन. काकीने तो दोनदा पाहिला, सही केली आणि चाक स्वतःच फिरवलं. पाणी सरीसरीतून पुढे गेलं. शेवटच्या सरीपर्यंत ती चालत गेली. परत येताना एक कोवळी भेंडी तोडून तिने तानाजीच्या हातावर ठेवली.

"खा. खारट लागली तर सांग."

तानाजीने ती कच्चीच चावली. चावता चावता त्याचे डोळे भरून आले.

"गोड आहे गं, काकी."

"मंग रडतोस काय, येड्या? दुसरी घे."