दाराला टांगलेली कुर्बानची पिशवी

मी पिशवी बोलतेय. गादीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची, दोन बंदांची. इजिप्तमधल्या असियूतच्या आमच्या चर्चमध्ये कॉलेजच्या मुलांची सेवा कोण करतं, असं विचाराल तर सगळे उस्ताद रऊफचं नाव सांगतील. त्याच्या गळ्यात तसं छापील कार्डच लटकत असतं. मला कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते.

मला शिवलं रिफ्काबाईनं. गादी शिवून कापड उरलं, त्याची मी झाले. तिचा नवरा हलीमकाका टपाल वाटायचा. त्याला जिने चढायची सवय. दर शुक्रवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मोठी प्रार्थना, संपली की तो माझ्यात गरम कुर्बान भरायचा. कुर्बान म्हणजे क्रुसाचा ठसा उमटवलेली गोल भाकरी. मग कॉलेजच्या मुलांपैकी जो मिस्सेला आला नसेल त्याच्या खोलीवर आम्ही जायचो. जो आला नाही त्याच्याकडे आपण जायचं, ही आमच्याकडची जुनी रीत.

हलीमकाका फार कमी बोलायचा. आत गेला की म्हणायचा, "बाळा, पाणी दे." पाणी पिऊन गप्प बसायचा. चर्चला का आला नाहीस, हे त्यानं कधी विचारलं नाही. थोड्या वेळानं पोरगं आपणहून बोलायला लागायचं. परीक्षा, खाणावळीतली डाळ, एखादी मुलगी, फुटबॉल. कधी मध्येच रडायला लागायचं. मी दाराशी रिकामी पडून सगळं ऐकायचे.

मग काकाचे गुडघे गेले आणि रऊफ आला.

रऊफ वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर मी त्याला मानलं तरी असतं. तो नुसता नीटनेटका होता. केसांना तेल, अंगाला अत्तर, हातात यादी. बिशप भेटीला येणार होते आणि त्यांना दाखवायला त्याला आकडे हवे होते.

"काका, आता काम पद्धतशीर होईल," तो म्हणाला. "सोळा मुलं, दीड तास."

"दीड तासात एकाचं होतं, बेटा," काका म्हणाला.

"तुमच्या वेळी मोबाईल नव्हते ना!" असं म्हणून त्यानं मला खुंटीवरून काढलं.

पहिल्याच शुक्रवारी त्याची पद्धत मला कळली. प्लास्टिकच्या पिशवीत एक भाकरी घालायची, दाराच्या मुठीला लटकवायची, फोटो काढायचा आणि पुढचं दार गाठायचं. सगळ्यात शेवटी पाचवा मजला. तिथे वैद्यकीच्या तिसऱ्या वर्षाचा वदी राहायचा. प्लास्टिक संपलं होतं, म्हणून रऊफनं मलाच भाकरीसकट मुठीला अडकवलं. फोटो काढला. 'भेट झाली' असं यादीत लिहिलं. जिना उतरताना तो शीळ घालत होता.

थोड्या वेळानं दार उघडलं. वदी माझ्याकडे बघत उभा राहिला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. त्याचा खोलीतला सोबती नागी मागून म्हणाला, "घे ना रे आत. गरम आहे अजून."

"राहू दे तिथेच."

"का?"

"दार वाजवायला काय त्याचा हात दुखतो? मी आतच होतो. पावलं ऐकत होतो."

"मग तू उघडायचंस!"

"म्हटलं बघू, वाजवतो का."

त्याला काय झालं होतं ते मला दाराबाहेर लटकूनच कळलं. दोन विषयांत तो नापास झाला होता. बापाला कळवलं नव्हतं. बाप गावभर त्याला 'डॉक्टरसाहेब' म्हणून हाक मारायचा. आता वदीनं मिनियाच्या दगडखाणीत काम ठरवलं होतं. तीन आठवड्यांनंतरच्या शनिवारी तो जाणार होता, कुणालाही न सांगता. नागीला त्यानं शपथ घातली होती.

दुसऱ्या शुक्रवारी रऊफ आला. मी तिथेच, आत मागची भाकरी वाळून दगड झालेली. साध्या माणसाला शंका आली असती. त्यानं नवी भाकरी वर ठेवली, फोटोत नीट दिसावं म्हणून माझे बंद सरळ केले आणि गेला. आत वदी दाराला कान लावून उभा होता. मला त्याचा श्वास ऐकू येत होता.

तिसऱ्या शुक्रवारीही तेच.

चौथ्या शुक्रवारी दुपारी जिन्यावर वेगळीच पावलं वाजली. एक पायरी, थांबणं. पुन्हा एक पायरी. मी ओळखली. काका वर पोचला तेव्हा घामानं भिजला होता. त्यानं मला हात लावून पाहिलं आणि दारावर थाप मारली.

दार लगेच उघडलं.

"बाळा, पाणी दे."

काका पलंगावर बसला. शेजारी भरलेली बॅग होती. तिच्याकडे त्यानं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. पाणी पिऊन म्हणाला, "रऊफनं आज सभेत भिंतीवर फोटो दाखवले. सगळे टाळ्या वाजवत होते. तुझ्या दाराच्या पहिल्या फोटोत माझी पिशवी सडपातळ होती. तिसऱ्यात पार गरोदर. म्हटलं, हे पोरगं खात नाहीये."

नागी फिसकन हसला. वदीला हसू आलं नाही.

कुर्बान पवित्र, ती टाकून देता येत नाही. वाळली तरी खावीच लागते. नागीनं काळा चहा केला आणि तिघं भाकऱ्या बुडवून खायला बसले. सगळ्यात जुनी काही केल्या मोडेना. वदीनं शरीरशास्त्राचं जाडजूड पुस्तक उचललं आणि तिच्यावर दाणकन आपटलं.

"चला, एवढा तरी उपयोग झाला याचा," तो म्हणाला आणि हसला. हसता हसता रडायला लागला. मग सगळं सांगितलं.

काकानं उपदेश केला नाही. एवढंच विचारलं, "बापाला कोण सांगणार? तू की मी?"

"माझ्यानं नाही होणार, काका."

"मग उद्याच्या गाडीनं दोघं जाऊ. मी सुरुवात करीन, तू संपव."

गेले दोघं. तिसऱ्या दिवशी बाप म्हणाला, "डॉक्टरसाहेब, तेच वर्ष पुन्हा कर."

आता मी रिफ्काबाईच्या स्वयंपाकघरात असते. माझा एक बंद तुटलाय. काका चढू शकत नाही, म्हणून वदीच गुरुवारी जेवायला येतो आणि कांदे चिरता चिरता हाडांची नावं पाठ करतो.

गेल्या गुरुवारी रऊफ इथे आला. दार मात्र जोरात वाजवलं. स्वतःचं काम असलं की हात दुखत नाहीत. बिशपसाहेबांसमोर व्यासपीठावर त्याला मला मखमलीवर ठेवायचं होतं. शेजारी वदीला उभं करून चार शब्द बोलायला लावायचे होते.

"आमच्या सेवेचं फळ आहे हे," तो म्हणाला.

"मला शरीरशास्त्राचा पेपर आहे," वदी मान वर न करता म्हणाला.

"बरं, निदान पिशवी तरी?"

रिफ्काबाईनं मला जवळ ओढलं. "हिच्यात कांदे आहेत."

"काकू, कांदे काढून ठेवता येतील की!"

"आणि मग कांदे कशात ठेवू? तुझ्या मखमलीत?"

रऊफ गेला. वाचकहो, तुमच्याकडेही असा कुणी माझ्यासारखी पिशवी मागायला येईल. देऊ नका. कांद्यांचा वास लागलेली मी बरी आहे.