गप्प परत आलेला तुंबा

बेकरीच्या काचेवर नेलिदाने चिकटवलेल्या कागदाला खाली बारा पट्ट्या होत्या. प्रत्येकीवर तिचा फोन नंबर. ‘गणिताची शिकवणी. धीराने शिकवते.’ पाच दिवसांत एकही पट्टी कुणी फाडली नाही. सहाव्या दिवशी तिनेच एक फाडली आणि कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून चौकभर नजर टाकली.

दुसऱ्या दिवशी दोन्या एल्वीरा, म्हणजे एल्वीराबाई, आपल्या मुलीला, आयेलेनला, घेऊन दारात हजर. तिचे दोन विषय आधीच राहिलेले. नऊ दिवसांनी होणाऱ्या फेरपरीक्षेत गणितही गेलं, की वर्ष पुन्हा.

“याआधी पुष्कळ मुलं शिकवली असतील ना, बाई?”

“थोडीफार,” नेलिदा बोलून गेली आणि चरकली. त्याच सकाळी देवमातेपुढे मेणबत्ती लावून तिने नऊ दिवसांची प्रार्थना धरली होती, खोटं न बोलण्याच्या संकल्पासह. दुपारपर्यंतही तो टिकला नाही.

पाचातून दोन गुणिले कंसात क्ष वजा तीन गेले, उरला एक; तर क्ष किती? नेलिदा उभी राहून सांगे, बसून सांगे, खोडून पुन्हा सोडवून दाखवी.

“कळलं?”

“हो, बाई.”

एकटीने सोडवायला दिलं, की आयेलेनचं उत्तर वजा एक. कंसाबाहेरचं वजाचं चिन्ह आतल्या तीनपर्यंत पोचतच नव्हतं. चार दिवस हेच. नेलिदाचा पाय घरात ठरेना. मेणबत्तीपुढे ओठ प्रार्थना म्हणत आणि मन कंस सोडवत बसे.

पाचव्या दिवशी तिने माते केला. कडू पाल्याच्या त्या चहाचा तुंबा आयेलेनने नळीने ओढून रिकामा केला आणि न बोलता परत दिला. नेलिदाने भरला. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा ती म्हणाली, “आभार, बाई.” नेलिदाने तुंबा बाजूला ठेवला आणि तिचा हात तिथेच थबकला. माते पिताना ‘आणखी हवाय का’ असं कुणी कुणाला विचारत नाही. गप्प दिला तर भरायचा, आभार मानले की थांबायचं. चहाच्या बाबतीत ही पोर खोटं बोलत नव्हती.

“आयेलेन, आजपासून मी ‘कळलं का’ विचारणार नाही. पेन्सिल तुझ्या हातात. अडलीस की गप्प माझ्याकडे दे, मी एकच पायरी सांगेन. कळलं की आभार मान.” मग खाली बघत म्हणाली, “आणि ऐक, तू माझी पहिलीच विद्यार्थिनी.”

“माहितेय! एकच पट्टी फाटलेली, तीही तुम्हीच फाडलीत. बेकरीवाले फाउस्तोकाका सगळ्यांना सांगत होते.”

“आणि तुझी आई?”

“आईनेच तर मला सांगितलं. म्हणाली, नवी आहे, जीव तोडून शिकवेल.”

त्या दुपारी पेन्सिल अकरा वेळा गप्प परत आली. बाराव्यांदा वहीत क्ष बरोबर पाच उमटलं. “आभार, बाई,” आयेलेन पुटपुटली.

परीक्षेच्या दिवशी नेलिदा शाळेच्या फाटकाबाहेर गरम पाण्याचा थर्मास आणि तुंबा घेऊन येरझारा घालत होती. दोन्या एल्वीरा वैतागल्या. “अहो, बसा की! तुमच्याकडे बघून मलाच घेरी येतेय.”

“बसते, पण आधी एक सांगायचंय. त्या दिवशी मी खोटं बोलले.”

“ठाऊक आहे. बसा आता.”

आयेलेन आली. चेहऱ्यावर काहीच नाही. नेलिदाने भरलेला तुंबा तिने रिकामा केला आणि न बोलता परत दिला.

“गेलं का गं?”

“पास. लगेच तपासलं, दहापैकी सात मिळाले.”

“मग गप्प का?”

“अजून हवंय म्हणून. मार्चमध्ये नवं वर्ष सुरू झालं, की येऊ?”

नेलिदा तिच्याकडेच बघत तुंबा भरू लागली आणि निम्मं पाणी चपलांवर सांडलं.