कारापूरची अर्धी बाग

सुमंगलाला पार्सेला, तिच्या माहेरी आणून सोडलं तेव्हा शिवदासने गाडीचं इंजिनसुद्धा बंद केलं नाही. उंबऱ्यावर तिची पेटी ठेवली आणि तिच्या थोरल्या भावाला, बाबाजीला म्हणाला, "हिच्या गोळयांनी माझा घर खाल्ल्यानी. आता तुमी बघा." आणि निघून गेला नवरा.

लग्न होऊन ती कारापूरला गेली त्याच साली गोवा राज्य झालं होतं. तीनेक वर्षांत तिला ताप धरू लागला. बोटांचे सांधे सुजले, गालांवर तांबडे चट्टे उठले. बांबोळीच्या सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं, ल्युपस. अंगच अंगावर उलटतं. त्यांनी स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, "एकदम कधी बंद करायच्या नाहीत. जिवावर बेतेल."

गोळ्यांनी गुण आला. ताप गेला, सुमंगला स्वतःचा अंबाडा स्वतः घालू लागली. पण तोंड गरगरीत झालं, मानेवर मांस चढलं, हनुवटीवर लव आली, भूक आवरेना. सासू शेजारणींना सांगायची, "खाऊन खाऊन सुजलीहा." मग साखर वाढली. गोळी स्वस्त होती, तिच्यामागून आलेलं महाग पडलं: साखरेचं औषध, हाडांचं औषध, रक्ता-लघवीच्या तपासण्या, बांबोळीच्या खेपा. शिवदास खनिजाच्या ट्रकचा मालक, पण प्रत्येक खेपेला त्याचं तोंड कडू व्हायचं.

एका सकाळी त्याने गोळ्यांची सगळी पाकिटं उचलून शेणाच्या खड्ड्यात, गायरीत फेकली.

"डॉक्टरान सांगितल्यानी हा, बंद करूक नाय म्हणान," सुमंगला रडकुंडीला येऊन म्हणाली.

"डॉक्टर आपलो धंदो बघतत. ह्या विषानच तू सुजलंस."

दोन दिवसांत तिला ओकाऱ्या सुरू झाल्या. डोळ्यांपुढे अंधारी आली, उठून बसता येईना. शिवदास ट्रक घेऊन खाणीवर गेला. शेजारणीने पार्सेला निरोप धाडला म्हणून बाबाजी आला आणि बहिणीला बांबोळीला घेऊन गेला. जीव वाचला, पण मूत्रपिंडं बिघडली होती. डॉक्टरांना आधीपेक्षा कितीतरी जास्त स्टिरॉइड द्यावं लागलं. इस्पितळातून सुटल्यावर शिवदासने तिला घरी नेलंच नाही, थेट पार्सेला आणून सोडलं. पुढल्या वर्षी तिच्या खुब्याचं हाड आतून सुकलं आणि हातात काठी आली.

माहेरी कोणी तिला टाकून बोललं नाही. पण रोज सकाळी गोळी गिळताना तिला ती गायरी दिसायची, आणि घशाखाली गोळीआधी राग उतरायचा.

काही वर्षांनी शिवदास मिठाईचा पुडा घेऊन पार्सेला आला. त्याला कारापूरची काजूची बाग बाबुराव नावाच्या व्यापाऱ्याला विकून दुसरा ट्रक घ्यायचा होता. गोव्याच्या कायद्याने नवऱ्याच्या मालमत्तेत बायको अर्धी धनीण. तिच्या सहीवाचून विक्री होत नाही.

सुमंगला हसली. "करतलंय सही. पण डिचोलीच्या कचेरीत जावक पाय तरी चलाक व्हये ना? डोळ्यांक पण दिसना नाय."

शिवदासने भाड्याची गाडी केली. तिला बांबोळीला नेलं, खुब्याचे फोटो काढवले, स्टिरॉइडने आलेला मोतीबिंदू काढून घेतला, महिन्याची औषधं घरपोच आणून दिली. गाडीत बसवताना तिचं कोपर धरायचा. तीही गोड बोलायची आणि दर खेपेला नवं दुखणं सांगायची.

बाबाजीला ते बघवेना. "सुमंगल, खरीच सही करतलंस?"

"दादा, तू बघ."

डिचोलीला सही करायच्या दिवशी तिने नवं लुगडं नेसलं, केसांत अबोली माळली. कचेरीत बाबुराव होता, वकील होता. रजिस्ट्रार साहेबांनी विचारलं, "बाई, स्वखुशीनं सही करताय ना?"

"नाय."

साहेबांनी पुढे केलेलं पेन मागे घेतलं.

"ह्येंनी माझे गोळये गायरीत टाकल्यानी, साहेब, तेव्हा माझी खुशी इचारूक नाय. माका मरणाक टाकून ट्रकावर गेले. मी सही करूचंय नाय."

शिवदासचा चेहरा उतरला. बाबुरावाची विसाराची रक्कम घेऊन त्याने ती नव्या ट्रकासाठी भरून टाकली होती. तो खाली वाकून पुटपुटला, "सुमंगल, माझा वाटोळा होतला."

"होऊ दी," ती मोठ्याने म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "थोडा थोडा करून होतला. माझा तसाच झाला."

तसंच झालं. विसार परत करायला नवा ट्रक सोडावा लागला, भरलेले पैसे पुरे परत मिळाले नाहीत, मग जुनाही विकावा लागला. बाबाजीने तिच्यातर्फे विभक्त होण्याचा आणि वाटणीचा दावा लावला. तो रखडत चालला, पण अर्धी बाग सुमंगलाच्या नावावर आली. तिने ती बाबुरावालाच विकली आणि खुबा बदलून घेतला. गोळी मात्र सुटली नाही. लहानशी, पण रोजची. मूत्रपिंडंही पहिल्यासारखी झाली नाहीत.

शिवदास आता दुसऱ्याच्या ट्रकावर ड्रायव्हर म्हणून जातो.

बाबाजीने एकदा विचारलं, "आता तरी जीव निवलो मगो तुझो?"

"नाय रे दादा," ती म्हणाली. "काल डिचोलीच्या बाजारात तेचो ट्रक समोर इलो. मी मुद्दाम हळूहळू रस्तो ओलांडलंय. हॉर्न मारूक धजावलो नाय."

आणि कितीतरी दिवसांनी ती खळखळून हसली.