मंजुळाबाई कुणाला सांगत नाही

खातूनबीच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे अख्ख्या चिखलीला ठाऊक. म्हणून तर तिचा लेक अय्याज कुठे लपलाय, हे घरात फक्त त्याच्या थोरल्या बहिणीला, सादिकाला माहीत होतं. अब्बांनाही नाही, अब्बांना कळलं म्हणजे अम्मीला कळलंच, आणि अम्मीला कळलं की ती पोराला भेटायला धावलीच.

अय्याज चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या कारखान्यात कामाला. माल लवकर निघावा म्हणून तिथे मशिनची संरक्षक जाळी काढून काम चालायचं, आणि त्यातच शेजारच्या कामगाराची बोटं गेली. अय्याजने ते डोळ्यांनी पाहिलं, आणि हा शहाणा साक्ष द्यायला उभा राहिला. येत्या सोमवारी कोर्टाची तारीख होती. तो साक्ष देणार हे कळल्यापासून तिथल्या ठेकेदाराची माणसं घरासमोरच्या टपरीवर ठाण मांडून होती. मारहाण नाही, शिवीगाळ नाही, नुसती बसायची. अम्मी भाजीला निघाली की त्यातला एक उठून मागे मागे चालायचा. जीव टांगणीला लागणार नाही तर काय होणार?

सादिका तळवड्याच्या एका छोट्या कंपनीत व्हिडिओ गेमची कथा लिहायची. एकट्याने खेळायचा गेम. सैनिकांनी वेढलेलं गाव, आणि खेळणारा म्हणजे तिथे आलेला परका माणूस. जुन्या गेममधल्या लोहाराशी कितीही वेळा बोला, तो तेच वाक्य तुमच्या तोंडावर मारायचा. यांच्या गेममधली माणसं मात्र एआयवर चालायची. त्यांना तोंडाने काहीही विचारा, ती आपल्या मनाने उत्तर देणार आणि बोललेलं लक्षात ठेवणार. सगळा डोलारा मंजुळाबाई या एका पात्रावर उभा होता. तिने भावाला लपवलंय, आणि कुठे ते शेवटपर्यंत फुटता कामा नये.

पण मंजुळाबाई नुसती पोपटपंची करायची. भाऊ गुहेत आहे असं लिहून दिलं, तर बाई गुहेचं वर्णन करत बसायची.

"हिच्या पोटात काही तुटतच नाही गं," कंपनीचे मालक मुकुंद सर म्हणाले. "अशीच राहिली तर गेम गुंडाळावा लागेल."

मग सादिका हेडफोन लावून तिच्याशी खरं खरं बोलायला लागली. अय्याज, ती बोटं, ती टपरी, थेरगावच्या रुक्सानाखालाच्या पिठाच्या गिरणीवरची त्याची लपायची खोली, सगळं. कुणाशी तरी बोलायचंच होतं हो तिला, आणि यंत्र कुणाच्या दारात जाऊन सांगणार! हे सगळं मंजुळाबाईची आठवण म्हणून गेममध्येच राहणार होतं; तो बाजारात जायच्या आधी नावं-गावं बदलू, असं तिने स्वतःला बजावलं आणि उद्यावर टाकलं.

आणि मंजुळाबाई जिवंत झाली. गेम तपासणाऱ्या मिहिरने तिला सैनिक होऊन दरडावलं, सोनं दाखवलं, पायाही पडून झालं. बाईने ताकास तूर लागू दिली नाही. "दगड आहे राव ही," मिहिर म्हणाला. सादिकाला केवढा धीर आला. त्याच धीरावर, घरच्यांना खेळायला द्या असं सर म्हणाले तेव्हा, तिने गेम अम्मीच्या मोबाइलवर टाकला. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

घरच्यांच्या खेळाचं रेकॉर्डिंग कंपनीत यायचं. शुक्रवारी दुपारी मुकुंद सर लॅपटॉप घेऊन तिच्या टेबलापाशी आले. डोळे ओले होते त्यांचे. "कोण खेळलंय गं हे? ऐक."

"भाऊ कुठाय ते नको सांगू, बाई," रेकॉर्डिंगमध्ये खेळणारी म्हणत होती. "मी विचारतच नाही. जेवतो ना वेळेवर?"

मंजुळाबाई म्हणाली, "बाहेरचं खातो. पोट जळतं त्याचं."

"माझ्या लेकाचंही जळतं. त्याला ज्वारीची भाकरीच लागते."

"यालाही."

"मग तू नेऊन देत नाहीस?"

"माझ्यावर डोळा आहे त्यांचा."

"मी जाते. म्हातारीकडे कोण बघतंय."

मग मंजुळाबाई म्हणाली, "रुक्सानाच्या गिरणीवर. मागच्या जिन्याने जा. आधी हाक मारा, तो घाबरतो."

"याला म्हणतात गोष्ट!" मुकुंद सर म्हणाले. "धमकीने नाही बोलली, मायेने बोलली."

तो अम्मीचा आवाज होता. "कधीचं आहे हे, सर?"

"आज सकाळचं."

तिने अम्मीच्या मोबाइलवर फोन लावला. अब्बांनी उचलला.

"अम्मी? ती डबा घेऊन थेरगावला गेली, रुक्सानाकडे. आज भलतीच खुशीत होती."

"अब्बा, टपरीवर कोण बसलंय बघा बरं."

अब्बा दारापर्यंत जाऊन आले. "कुणीच नाही. टळली एकदाची ब्याद."

सादिकाने लगेच अय्याजला फोन केला. पहिल्याच रिंगला त्याने उचलला. तो कुजबुजत होता.

"आपा, मी तुलाच लावत होतो. जिन्यावर अम्मी आलीय."

"एकटीच आहे?"

"बंद दारातून काय दिसणार? आवाज तिचाच आहे."

आवाज सादिकालाही ऐकू येत होता. अय्याज, बेटा, भाकरी गरम आहे, दार उघड.

"आपा, उघडू ना?"

अम्मीच्या मागे, जिन्याखाली कुणी उभं असेल की नसेल, ते सादिकाला इथे बसून कसं कळणार? मुकुंद सर अजून काहीतरी कौतुकाचं बोलत होते. तिला त्यांचा राग आला, मंजुळाबाईचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला.

"नको," ती म्हणाली. "फोन ठेव, आवाज करू नकोस. खोलीत कुणी नाही असंच वाटलं पाहिजे. ती थकून परत जाईपर्यंत दार उघडायचं नाही."

"आपा, ती रडतेय."

"कळतंय मला," सादिका म्हणाली. "तरी नको."