सोनूबाईचं उत्तर

"का सोडलंत, एवढंच सांगा," देवव्रत म्हणाला. "दोन वर्षं आमच्या पद्धतीनं भात लावलंत. यंदा खाचरात नुसतं गवत. का?"

सोनूबाई झोपडीच्या ओट्यावर बसली होती. संस्थेच्या मुख्य कार्यालयातून तपासणीला आलेला देवव्रत प्लास्टिकच्या खुर्चीत, मांडीवर फॉर्म घेऊन. त्याच्या मागे फाइल धरून नीला उभी होती. उत्तर तिला ठाऊक होतं.

आरे कॉलनीतल्या या पाड्यावर ती तीन वर्षं येत होती. पार्ल्यात वाढलेली, भात फक्त ताटात पाहिलेली बाई. संस्थेनं चार दिवसांचं प्रशिक्षण दिलं आणि ती सुधारित लागवड शिकवू लागली. दोरी धरून ओळीत लावणी, एका जागी दोनच रोपं, आणि संस्थेचं बुटक्या जातीचं, भरघोस पीक देणारं बियाणं. पहिल्या वर्षी पाऊस बेताचा झाला नि पीक खरंच चांगलं आलं. नीलाचा फोटो संस्थेच्या अहवालात छापून आला.

दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये खाचर तुंबलं. सोनूबाईचं जुनं भात छातीएवढं वाढायचं, पाण्यावर मान काढून उभं राहायचं. हे गुडघ्याएवढं, चार दिवस बुडालं आणि कुजलं. पेंढाही आखूड. जवळचा तबेलेवाला दरवर्षी तिचा पेंढा नेई आणि बदल्यात भाजीच्या वाफ्यांना शेण देई. "एवढ्याशा पेंढ्यात माझ्या म्हशी काय खाणार?" म्हणून त्यानं शेण बंद केलं. आणि जुनं बियाणं? ते पहिल्याच वर्षी संपलं होतं. "आता हे कशाला ठेवता? शिजवून खा," असं नीलाच म्हणाली होती. त्यातला भात तिलाही वाढला होता.

हे सगळं सोनूबाईनं गेल्या वर्षीच बांधावर उभं राहून तिला सांगितलं होतं. नीलानं अहवालात लिहिलं, 'शेतकरी समाधानी.' तिची नोकरी वर्षावर्षाच्या करारावर होती आणि दाखवण्याजोगं काम म्हणजे हा एकच पाडा.

"बोला ना, आजी."

सोनूबाईनं एकदा नीलाकडे पाहिलं. नीलानं नजर फाइलीत घातली.

"आमी आळशी माणसं, साहेब," सोनूबाई हसून म्हणाली. "ताईनं चांगला शिकवला. दोरी धरून वाकायचा कंटाळा आला, दुसरा काय."

देवव्रतनं लिहून घेतलं. आता बोलावं, असं नीलाला वाटलं. तिनं फाइल बंद केली. बस स्टॉपकडे चालताना तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही तरी किती करणार? लोकांनाच नकोय ना!"

"हं," नीला म्हणाली.

तीन आठवड्यांनी तिला करार वाढवल्याचं पत्र आलं. त्याच पाकिटात पुढच्या योजनेतल्या गावांची यादी होती. पाड्याचं नाव खोडलेलं आणि पुढे शेरा: 'लाभार्थी उदासीन.' भाजीसाठी द्यायची जाळी आणि पाण्याच्या टाक्या दुसरीकडे गेल्या होत्या. ते पत्र तिनं घरी कुणालाच दाखवलं नाही.

रविवारी ती एकटीच पाड्यावर गेली. सोनूबाई मुळ्याच्या वाफ्यात तण काढत होती.

"त्या दिवशी मी गप्प बसले," नीला उभ्या उभ्याच म्हणाली. "माझ्यामुळे तुम्ही आळशी ठरलात."

"ठरले तं ठरले. तुजी नोकरी गेली असती."

"पण आता पाड्याला काही मिळायचं नाही. जाळी नाही, टाक्या नाहीत. तुम्हालाच नकोय, असं लिहिलंय."

सोनूबाईचा हात थांबला. हे तिला माहीत नव्हतं. मग तिनं पुन्हा तण उपटायला घेतलं. नीलानं विचारलं, "खाचरात पाणी साचतं, हे तुम्हाला पहिल्या वर्षीही ठाऊक असेल ना?"

"ठावा नसंल? माजाच शेत."

"मग लावलंत कशाला?"

"तू चार येळा आलीस. मे महिन्याच्या उन्हात. चौथ्या येळी चक्कर येऊन हितंच खाली बसलीस. येवढी शिकलेली बाय आपल्यासाठी जीव काढते, तं तिला नाय कसा म्हणायचा?"

नीलानं आजवर शेकडो फॉर्म भरले होते. 'पद्धत स्वीकारण्याचे कारण' या रकान्यात तिनं नफा लिहिला होता, जागृती लिहिली होती. काही तरी करायचं म्हणून ती बाह्या सारून तण काढायला वाकली आणि तिनं एक पाऊल पुढे टाकलं.

"तिकडं पाय नको, ताई!"

वाफ्याच्या पलीकडे सतरंजीएवढ्या तुकड्यात भात उभं होतं. उंच, पिकायला आलेलं, लोंब्यांनी वाकलेलं.

"नणंदेकडनं पसाभर जुना बियाणा आणला," सोनूबाई म्हणाली. "यंदा येवढाच. पुढच्या साली थोडा जास्त होईल."

नीलानं पाऊल मागे घेतलं. ओढणी अंगाशी घट्ट गुंडाळली, चपला हातात घेतल्या, आणि एकाही लोंबीला धक्का लागू नये अशा बेतानं ती लांबच्या बांधावरून वळसा घालून गेली.