मी निवडलेलं पिल्लू

माझ्या भाच्याचा, विश्वजितचा, चेन्नईजवळ अंबत्तूरला वॉशर आणि ब्रॅकेट बनवायचा छोटा कारखाना आहे. तीन वर्षांपूर्वी त्याला फाटकावर राखणीला कुत्रा हवा होता. मी तिथल्याच आवडी नावाच्या गावातल्या संरक्षण कारखान्याच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेला माणूस, कुत्रा कधी पाळलेला नाही. पण कुत्र्यांच्या जातींवरची दोन-तीन पुस्तकं मी वाचली होती, म्हणून त्याने मला विचारलं.

मला कुणी काही विचारलं की एरवी मी गोंधळतो. त्या दिवशी मात्र बोलत सुटलो. अल्सेशियनच्या अंगावर दाट केस, त्याला इथला उकाडा सोसायचा नाही. इथल्या तमिळ जातींत चिप्पीपारई सशामागे धावणारा, त्याला साखळीला बांधून काय उपयोग? कोंबई तापट, रानडुकराला भिडणारा, कामगारांची सतत ये-जा असते तिथे नको. राखणीला राजपालयमच घ्यावा.

पूंदमल्ली गावाच्या पुढे एक बाई ही कुत्री पाळतात. त्यांच्याकडे चार पिल्लं होती. त्यांनी पाठीवर तपकिरी डाग असलेलं पिल्लू पुढे केलं आणि म्हणाल्या, कामाला हे घ्या. पण पुस्तकात लिहिलं होतं की अस्सल राजपालयम दुधासारखा पांढरा, नाक गुलाबी. तसंच एक पिल्लू कोपऱ्यात झोपलं होतं. मी तेच हवं म्हणून हटून बसलो. बाईंनी ते उचलून माझ्या हातात दिलं.

कारखान्यात आल्यावर विश्वजितने मला सगळ्यांसमोर पुस्तकातला तो भाग तमिळमध्ये वाचून दाखवायला लावला. माझ्या तोडक्यामोडक्या तमिळला कामगार हसत होते. फाटकावरचा रखवालदार मुरली हसला नाही. पिल्लू मांडीवर घेऊन तो शेवटपर्यंत ऐकत होता. विश्वजितने कुत्र्याचं नाव राजा ठेवलं.

गेल्या महिन्यात राजा चावला. टेम्पोबरोबर आलेला एक हमाल झोपलेल्या कुत्र्याला कुरवाळायला मागून वाकला. मनगटाला सात टाके पडले. विश्वजितने मला फोन करून विचारलं, असं कसं झालं? मी जे वाचलं होतं ते सांगितलं. ही जात विनाकारण चावत नाही. कुणीतरी त्याला मारत असलं पाहिजे.

बोलताना मला ते फार शहाणपणाचं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी कळलं की विश्वजितने मुरलीला शनिवारपासून येऊ नको म्हणून सांगितलं. दिवसभर कुत्र्याजवळ तोच असतो, मग मारणारा दुसरा कोण? मुरलीने एका शब्दानेही विरोध केला नव्हता. मुरलीची बायको आजारी असते, हे मला ठाऊक होतं.

शुक्रवारी मी अंबत्तूरला गेलो. काय करायला, ते माझं मलाच नीट माहीत नव्हतं. त्या दोघांना जरा पाहावं, इतकंच. पत्रा कापायची प्रेस यंत्रं चालू असताना तिथे कुणालाच काही ऐकू येत नाही, सगळे हातवाऱ्यांनी बोलतात. दुपारी बारा वाजता वीज गेली आणि एकदम शांतता झाली. राजा फाटकाकडे पाठ करून उभा होता. त्याच्या मागे कुणीतरी भंगाराचा पत्र्याचा डबा वरून खाली टाकला. मी दचकलो, दोघा कामगारांनी वळून पाहिलं. राजाचा कानही हलला नाही.

मला वाटलं, माझीच पाहण्यात चूक झाली असेल. मी जवळ जाऊन टाळी वाजवली. मग डब्याचं झाकण आपटलं. मग नावाने हाक मारली. काही नाही. तेवढ्यात मुरलीने पाय जोरात जमिनीवर आपटला, आणि पायाखाली हादरा जाणवताच राजा लगेच वळून त्याच्याकडे गेला. मुरलीने राजाला नावाने हाक मारलेली मी तीन वर्षांत कधी ऐकली नव्हती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

“तुला कधीपासून माहीत आहे?” मी विचारलं.

“दुसऱ्या आठवड्यापासून, सार.”

“मग सांगितलं का नाहीस?”

त्याने राजाच्या मानेवरून हात फिरवला. “तुम्ही निवडला होता, सार. पुस्तक वाचून दाखवलंत. सगळे ऐकत होते.” मग म्हणाला की कामात काही अडलं नाही, वासावर आणि नजरेवर तो पुरेसा भुंकतो. समोरून या, असं येणाऱ्या प्रत्येकाला मुरली स्वतः बजावायचा. राजा चावला त्या दिवशी नेमका तो बायकोची औषधं आणायला गेला होता.

विश्वजितच्या केबिनच्या दारातून मी दोनदा परत फिरलो. तिसऱ्यांदा आत गेलो आणि चूक माझी आहे, मुरलीची नाही, असं सांगितलं. तो हसला. “मामा, तुम्हाला कशातही आपलीच चूक दिसते. मागे माझ्या लग्नात पाऊस पडला तेव्हाही मुहूर्त तुम्ही पाहिला होता म्हणून माफी मागत होतात. जाऊ द्या हो.”

त्याचं खरं होतं. आयुष्यभर मी इतक्या वेळा उगाच माफी मागितली होती की आता खऱ्या चुकीवर कुणी विश्वास ठेवत नव्हतं.

मी त्याचा हात धरला. असं मी कधी करत नाही. त्याला बाहेर नेलं, पत्र्याचा एक तुकडा उचलला आणि राजाच्या पाठीमागे उभं राहून लोखंडी खांबावर आपटला. आपटतच राहिलो. कामगार जेवण सोडून बाहेर आले. राजा शांतपणे रस्त्याकडे पाहत होता.

“बहिरा आहे,” मी म्हणालो. “जन्मापासून. बाई दुसरं पिल्लू देत होत्या, मी ऐकलं नाही. याला कुणी मारलं नाही.”

विश्वजित मुरलीवरच उखडला. माहीत असून लपवलं कशाला? मुरलीने मान खाली घातली. त्याला उत्तर द्यायला लागू नये म्हणून मीच बोललो.

“माझी अब्रू राखायला. आणि मी फोनवर त्याचीच घालवली.”

कुणी हसलं नाही. हसले असते तर मला सोपं गेलं असतं. विश्वजितने मुरलीला उद्या नेहमीसारखा ये म्हणून सांगितलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, या कुत्र्याचं आता काय करायचं?

मला त्यावर वाचलेलं बरंच आठवत होतं. “मुरलीला विचार,” मी म्हणालो.

मुरली म्हणाला, जागा बदलू या. साखळीचा खिळा भिंतीपाशी ठोकला म्हणजे पाठीमागे भिंत येईल, मागून कुणाला येता यायचं नाही. विश्वजितने मान हलवली आणि तो आत गेला.

मी तिथेच उभा राहिलो. मुरलीची माफी मागायची होती, पण माझ्या माफीला किती किंमत असते ते नुकतंच कळलं होतं. तो हातोडा घेऊन आला. खिळा ठोकता ठोकता, माझ्याकडे न बघता म्हणाला, “सगळ्यांसमोर सांगायला नको होतं, सार. आता पोरं याच्या मागे डबे वाजवत बसतील.”

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. खिळा सरळ जावा म्हणून मी तो खाली धरून बसलो, आणि मुरली ठोकत राहिला.