डब्यावरचा दगड

सुधन्वा दिल्लीत एका केंद्रीय खात्यात सेक्शन ऑफिसर होता. मुलीला कॅम्पिंगला न्यायचं त्याने तीनदा ठरवलं आणि तिन्ही वेळा ऐनवेळी ऑफिसचं काम निघालं. शेवटी फेब्रुवारीतल्या एका शनिवारी बापलेक मानेसरच्या पुढे, अरवलीच्या पायथ्याशी लागलेल्या तंबूंमध्ये पोचले.

अकरा वर्षांच्या कादंबरीने तिथला एक खेळ आधीच शोधून ठेवला होता, जिओकॅशिंग. कुणीतरी रानात डबा लपवतं आणि जागेचे अक्षांश-रेखांश ॲपवर टाकतं. तो शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि होता तसा परत ठेवायचा. वहीत काय लिहायचं तेही तिने ठरवलं होतं.

रविवारी पहाटे सुधन्वाला धास्तीनेच जाग आली. डबा जागेवर नसला तर? एवढं करून पोरगी हिरमुसली तर? ती झोपेत असतानाच तो फोन घेऊन टेकडी चढला. वीस मिनिटांत एका झाडाच्या बुंध्याशी, दगडाखाली, स्टीलचा डबा मिळाला. वहीत सात वर्षांची नावं होती. एका पानावर चक्क मराठी: ‘अण्णासाहेब आणि कुमुद, सातारा. पानिपतला काला अंबचं स्मारक पाहून आलो. गुडघे बोलतात, पण डबा सापडला.’

तो खूश झाला. कादंबरी उठायच्या आत परतायचं म्हणून त्याने डबा घाईने आत सारला. दगड नीट बसेना. तासाभरात पुन्हा यायचंच आहे, असं म्हणून त्याने तो तसाच टेकवून ठेवला.

नाश्ता करून दोघं वर आली तेव्हा दगड बाजूला पडला होता आणि खाली काही नव्हतं. कादंबरी चारी बाजूंनी शोधू लागली. सुधन्वा कड्याशी गेला. खालच्या घळीत माकडं होती आणि काटेरी झुडपांवर वहीच्या पानांचे तुकडे लटकत होते. तिथे उतरायला वाट नव्हती. कादंबरीला काही न सांगता तो घळीकडे पाठ करून उभा राहिला.

कादंबरीने दीड तास शोधलं. हात काट्यांनी ओरबाडले, तरी थांबेना. शेवटी तिने ॲप उघडलं आणि टाइप केलेलं त्याला वाचून दाखवलं.

“डबा मिळाला नाही. मी नवीन आहे, मलाच नीट शोधता आलं नसेल. ठीक आहे ना बाबा, पाठवू?”

त्याने मान डोलावली.

तंबूकडे उतरताना ती, पुढच्या वेळी कंपास नीट शिकून येईन, असं सांगत होती. सुधन्वाला ते ऐकवेना. अर्ध्या वाटेत तो एका खडकावर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. पहाटेचं, दगडाचं, घळीतल्या पानांचंही.

ती रडली नाही. बराच वेळ बुटाचं टोक मातीत घासत राहिली.

“म्हणजे मला सापडणार नाही, असं वाटलं तुला?”

तसं नव्हतं, असं तो म्हणाला. पण म्हणतानाच त्याला कळलं, की थोडं तसंच होतं.

संध्याकाळी त्याने डबा ठेवणाऱ्या विजया नावाच्या बाईंना सगळं खरं लिहून माफी मागितली. त्यांचं उत्तर सभ्य होतं. माकडांचा भरवसा नाही, हवं तर तुम्ही त्याच भागात नवा डबा ठेवा. शेवटी एकच ओळ: वहीचे फोटो काढून ठेवायला हवे होते मी.

ती ओळ त्याला कितीतरी दिवस छळत राहिली. सातारची ती दोघं आता पुन्हा एवढं चढून येतील का, असा विचार फायली चाळतानाही मनात यायचा.

महिन्याभराने ते नवा डबा घेऊन गेले. पायथ्याशीच कादंबरीने त्याच्या हातातून डबा काढून घेतला.

“तू इथेच थांब. मी दिसेन अशा अंतरावर जाते.”

तो गाडीला टेकून उभा राहिला. वर तिचा लाल स्वेटर झुडपांतून सरकत होता. अर्ध्या तासाने ती गुडघ्यांना माती लावून खाली आली. कुठे ठेवलास, असं विचारायचा त्याला धीर झाला नाही, आणि तिनेही सांगितलं नाही.